आधी नळ, मग खुर्ची

कप्तानाच्या दुकानात पाय टाकला की भल्याभल्यांना स्वतःच्या मानेची शरम वाटायला लागायची. दुकान तसं त्याचं नव्हतं, बाईंचं होतं. नवरा वारल्यापासून गल्ल्यावर त्याच बसत. कप्तान म्हणजे तिथला सगळ्यात जुना केस कापणारा, दाराजवळच्या पहिल्या खुर्चीचा. पण रुबाब असा, की नवख्या गिऱ्हाइकाला वाटावं, बाईच याच्याकडे नोकरीला आहेत. अंगात नायलॉनचा पांढराशुभ्र कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्या कोटावरूनच लोक त्याला कप्तान म्हणायला लागले. कोट बाईंच्या नवऱ्याने हौसेने दिला होता. त्याला केस चिकटत नसत, डाग पडत नसे, सुरकुती तर औषधालाही नाही. संध्याकाळी कप्तान तो ओल्या फडक्याने पुसायचा, आतून पावडर शिंपडायचा आणि मागच्या खोलीत खुंटीला लावायचा. घरी कधी नेला नाही. घरी नेला की बायको तो बदडून बदडून धुणार आणि त्याची चमक घालवणार, ही भीती.

बाकी माणूस स्वच्छतेचा असा भोक्ता, की नाकाने कांदे सोलावेत तर त्यानेच. पहाटे उठून अंघोळ, नखं कातरलेली, वस्तरा उकळत्या पाण्यातून काढलेला, प्रत्येकाला धुतलेला टॉवेल. आणि गिऱ्हाइकांसाठी एकच कायदा. कोणी उन्हातून घामाघूम होऊन आला, की कप्तान हातातल्या कात्रीनेच मागच्या मोरीकडे दाखवायचा. आधी नळ, मग खुर्ची. मग तो कारकून असो नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक, मुकाट मोरीत जायचा, मान आणि काखा धुऊन यायचा आणि मगच बसायचा. लोकांना याचं कौतुकच होतं. दोन शिव्या खाऊन माणूस स्वच्छ होत असेल तर वाईट काय, म्हणायचे.

आता गंमत ऐका. त्या दुकानात वास कोणाचा येत असेल, तर कप्तानाचा.

यात न समजण्यासारखं काही नाही. केस कापणाऱ्याचा हात दिवसभर वर. खुर्चीत बसलेल्याचं नाक आणि उभ्या माणसाची काख, यांच्यात वीतभर अंतर. त्यात तो कोट. वारा आत जाईना, घाम बाहेर येईना. वर्षानुवर्षांचा घाम त्या शिवणीत मुरून बसला होता आणि ऊन तापलं की जागा व्हायचा. पुसून काय होणार, कपाळ? बरं, कप्तान इतका मायाळू, की गिऱ्हाइकाला वारा लागावा म्हणून उभा पंखा त्याने स्वतःच्या पाठीमागे ठेवलेला. म्हणजे जे काही होतं ते थेट समोरच्याच्या नाकात.

आपला वास आपल्याला येत नाही, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. बायकोला कळायचा प्रश्न नव्हता, कोट घरी जातच नव्हता. राहिली बाकी दुनिया. पण जो उठता-बसता दुसऱ्याला नळाखाली पाठवतो, त्याला हे सांगायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एक माईचा लाल पुढे आला नाही. बाई गल्ल्यावर नाकाला रुमाल लावून बसायच्या आणि बारीक केसांची ॲलर्जी झाली आहे म्हणून सांगायच्या. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर कुरळे (डोक्यावर एक केस नव्हता, म्हणून हे नाव) बिचारा भिडस्त माणूस. त्याने एकदा कप्तानाच्या आरशाखाली सुवासिक साबणाची नवी कोरी वडी ठेवली. कप्तानाने ती उचलून नाकाला लावली, छान आहे म्हणाला, आणि गिऱ्हाइकांसाठी मोरीत नेऊन ठेवली.

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक हातगाडीवाला दाढी करायला आला. भाचीचं लग्न होतं, मामा म्हणून मिरवायचं होतं. बाकावर बसून तो आपल्या पाळीची वाट बघत होता. तेवढ्यात वर्तमानपत्रामागून कोणीतरी कुरकुरलं, की कसला तरी वास येतोय. कप्तानाची नजर बाकावरून फिरली आणि हातगाडीवाल्यावर थांबली. दुसऱ्या कोणावर थांबणार म्हणा! सदरा विटका, खांद्यावर दोरीचे वळ. कात्री मोरीकडे वळली. मी आत्ताच अंघोळ करून आलोय, असं तो हळू आवाजात म्हणाला. कप्तान भर दुकानात म्हणाला, की सगळे असंच म्हणतात. माणूस उठला, नळाकडे गेला नाही, दाराकडे गेला. दाढी न करताच लग्नाला गेला असेल. बाकावरच्या लोकांनी माना डोलावल्या आणि कप्तानाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण ऊन चढत गेलं तसं पहिल्या खुर्चीवर माणूस बसेना. या म्हटलं, की गिऱ्हाईक म्हणायचं, घाई नाही, कुरळेंचं होऊ दे. कुरळेच्या खुर्चीमागे रांग, आणि कप्तान आपला कंगवे पुसतोय. एक दिवस बाईंनी रुमालाआडूनच त्याला सांगितलं, की पुढच्या पहिल्या तारखेपासून पहिली खुर्ची कुरळेला. तुम्ही टॉवेल, झाडलोट, गरम पाणी बघा. वय झालं की हात मंदावतोच, कप्तान, असंही म्हणाल्या. खरं कारण सांगायची त्यांचीही छाती झाली नाही. बाईंसमोर तो बरं म्हणाला. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाखाली रडला. सारं आयुष्य त्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेलं होतं. ती गेली तर हातांनी करायचं काय, हेच त्याला कळेना.

रड ओसरली तसा हट्ट उभा राहिला. कुरळेकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही? त्याने विजेचं मशीन चालवून पाहिलं. विनोद करून पाहिले; त्याचे विनोद म्हणजे शिक्षाच. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका तापलेल्या दुपारी, दुकानात काळं कुत्रं नव्हतं आणि बाई जेवायला गेल्या होत्या, तेव्हा तो स्वतःच्याच खुर्चीत जाऊन बसला आणि कुरळेला म्हणाला, माझे केस काप. आता हा माणूस इतकी वर्षं त्या खुर्चीच्या मागे उभा राहिला, पण खुर्चीत कधी बसला नव्हता. त्याचे केस सुट्टीच्या दिवशी भाऊ कापायचा, उघड्या अंगणात.

कुरळेने कापायला सुरुवात केली. कप्तान आरशातून डोळ्यांत तेल घालून बघत होता. कंगवा तिरपा, कात्रीला लय नाही, कानामागे तर हा पठ्ठ्या चक्क अडखळला. या हातासाठी लोक ताटकळतात? मग कुरळेने पुढचे केस घ्यायला हात वर केला. त्याच्या सैल सुती सदऱ्याची बाही कप्तानाच्या नाकासमोर आली आणि मागून पंख्याचा झोत आला. साबण. उन्हात वाळलेलं कापड. थोडासा ताजा घाम. बस, एवढंच.

कप्तानाने तो वास पुन्हा एकदा ओढून घेतला. मग उठला, कोटाची बटणं एकेक करून सोडली आणि कोट कुरळेपुढे धरला.

"हा घाल. आणि काप."

कुरळेने नको नको म्हटलं, हात जोडले, मला काळ्या पाण्यावर पाठवा पण हे नको, म्हणाला. कप्तान ऐकेना. शेवटी कुरळेने श्वास रोखून कोट चढवला, कप्तानाच्या मागे उभा राहिला आणि हात वर केला.

आता काय सांगायचं! कप्तानाच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. निम्मी वासाने, निम्मी कशाने ते त्याचं त्याला ठाऊक. "किती दिवस?" त्याने विचारलं. दोन उन्हाळे, कुरळे खाली बघून म्हणाला. मग बोलला का नाहीस? यावर कुरळे म्हणाला, "तुम्हाला कोण बोलणार, कप्तान?"

आणि तेवढ्यात कप्तानाला तो हातगाडीवाला आठवला. त्याचे केस ओले होते. कानामागून पाण्याचा थेंब ओघळत होता, सदऱ्याची कॉलर भिजली होती. हे सगळं तेव्हा कप्तानाला दिसलं होतं, अगदी स्वच्छ दिसलं होतं. माणूस खरंच अंघोळ करून आला होता. वास कप्तानाचा होता, आणि अपमान त्या माणसाचा झाला.

उरलेलं डोकं कापून घ्यायचं भानही त्याला राहिलं नाही. कोट पिशवीत कोंबून तो घरी गेला. बायकोने आधी ते अर्धवट कापलेलं डोकं पाहिलं, मग पिशवी उघडली आणि लगेच बंद केली. "हा धुवायचा आहे की पुरायचा आहे?" तिने विचारलं. कप्तान बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. जुन्या सुती चादरीचे तिने त्याच्या मापाचे अर्ध्या बाह्यांचे दोन सैल सदरे बेतले. शिवता शिवता म्हणाली, गावाच्या दाढ्या केल्यास, स्वतःच्या काखेला कधी वस्तरा लावलास? नव्हता लावला. तोही त्या संध्याकाळी लावला.

मग तो तसाच, अर्ध्या डोक्याने, बाजाराच्या टोकाला हातगाड्या उभ्या राहतात तिथे गेला. गाडीवाले त्याच्या डोक्याकडे बघून खिदळले. त्याने त्यांना हसू दिलं. तो माणूस पोत्यांवर दोरी आवळत होता. कप्तान सगळ्यांसमोर म्हणाला, की त्या दिवशी वास माझा होता, तुमचा नव्हता. उद्या रविवार आहे, दुकानात या. भर दुकानात मला नळाखाली पाठवा. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणा हातगाडीवाल्याला तुम्ही म्हणत होता. त्या माणसाने दोरीला आणखी एक गाठ मारली, गाडी उचलली आणि निघून गेला.

रविवारी दुकान खच्चून भरलं होतं. कुरळेने सकाळीच येऊन कप्तानाचं उरलेलं डोकं कापलं होतं. कप्तान नव्या सदऱ्यात खुर्चीमागे उभा. पंखा त्याने हलवून बाजूला लावला होता. सगळे त्याच्या सदऱ्याकडे बघत होते, पण खुर्चीत कोणी बसत नव्हतं. लोकांचं नाक एकदा पोळलं की ताकही फुंकून पितं. बाई गल्ल्यावर, रुमाल नाकाला. एकेक जण कुरळेकडून उठत होता, दुसरा बसत होता, आणि कप्तान रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. येणार नाही, त्याला वाटलं. का यावं त्याने?

तेवढ्यात दारात अंधार झाला. हातगाडीवाला आला होता, दाढी वाढलेली, हाताची घडी घातलेली. बाकावरचे लोक सरकले. त्याने कप्तानाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आधी नळ," तो म्हणाला.

कुरळेची कात्री थांबली. कप्तान वळला आणि मोरीत गेला. दार त्याने मुद्दाम उघडं ठेवलं. सदरा काढला, कुरळेची ती साबणाची वडी उचलली आणि मान, छाती, काखा, सगळं फेस येईपर्यंत घासलं, धुतलं, टॉवेलने कोरडं पुसलं. सदरा घालून बाहेर आला, हातगाडीवाल्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

हातगाडीवाल्याने घाई केली नाही. का करावी? तो वाकला, या काखेशी नाक नेलं, मग त्या काखेशी नेलं, पुन्हा पहिलीशी आला. बाकावर कोणी श्वास घेत नव्हतं. मग तो ताठ झाला आणि पहिल्या खुर्चीत जाऊन बसला.

अशी दाढी कप्तानाने जन्मात केली नसेल. वस्तरा गालावरून लोण्यातून फिरावा तसा फिरला. बाईंच्या नवऱ्याने ज्या हातावर भाळून त्याला पहिली खुर्ची दिली होती, तो हात तसाच होता, कुठेही मंदावला नव्हता. शेवटचा टॉवेल काढल्यावर हातगाडीवाल्याने हनुवटीवरून हात फिरवला, आरशात डावं-उजवं बघितलं. पैसे कप्तानाने घेतले नाहीत. हातगाडीवाल्याने ते गल्ल्यावर ठेवलेच. दारात थांबून तो बाकाकडे वळला.

"बसा बिनधास्त," तो म्हणाला. "मी वास घेतलाय."

आधी एकजण हसला, मग सगळं दुकान. मुख्याध्यापक सगळ्यांच्या आधी उठून पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्यामागे कारकून, कारकुनामागे आणखी कोणी. दुपारपर्यंत कुरळे रिकामा आणि कप्तानामागे रांग, आणि कुरळेला त्याचा इतका आनंद, की तो आपणहून टॉवेल पिळून देत होता. मध्येच एकदा कप्तानाने कात्री खाली ठेवली, माफ करा म्हणाला, आणि मोरीत जाऊन पुन्हा काखा धुऊन आला. गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने थांबलं, पण हू की चू केलं नाही.

बाई गल्ल्यावर बसल्या होत्या आणि रुमालाने आरशावरचा साबणाचा शिंतोडा पुसत होत्या. कप्तानाने ते पाहिलं.

"बाई, ॲलर्जी गेली वाटतं?"

"गेली," बाई म्हणाल्या. "आणि ते पहिल्या तारखेचंही गेलं."

कप्तानाने पुढच्या माणसाच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि दोन्ही हात वर केले.