मेलं म्हणून सांगितलेलं ऑर्किड

आणीबाणी उठली त्या वर्षी आसामात नोकरीला असलेला माझा भाऊ सुटीवर आला, तो स्वतः तार वाकवून केलेल्या टोपलीत एक ऑर्किड घेऊन. नाचणगावचं ऊन माणसाला सोसेना, तिथं हे झाड कसं जगायचं? पण समोरच्या घरातली माझी मैत्रीण हट्टाला पेटली. आम्ही दोघींनी मिळून ते जगवलं. सकाळी टोपली बादलीत बुडवायची, मुळं हिरवी झाली की काढून निथळत ठेवायची. उन्हाळ्यात भोवती ओलं गोणपाट. पंधरवड्यातून एकदा सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं पाणी, आंबवून, गाळून, अगदी फिक्या चहासारखं करून; तेही मुळं आधी ओली करूनच.

पुढं मला दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी, कारंज्याला निघाले तेव्हा झाड तिच्या हवाली केलं.

बाळाला घेऊन परतले, तर ती दारातच रडायला लागली. "सडलं व माय. मीच पाणी जास्त घातलं." कागदात गुंडाळलेली काळी, वाळकी मुळंही तिनं दाखवली. उलट मीच तिची समजूत काढली. दोघींनी ती परसात पुरली.

फाल्गुनात एकदा विरजण मागायला तिच्याकडे गेले. हाकेला ओ आली नाही, म्हणून सरळ मागच्या अंगणात शिरले. न्हाणीच्या आडोशाला माझी टोपली टांगलेली होती. भावानं वाकवलेली तीच तार. झाडाला जांभळ्या फुलांचा लांब घोस. ती ढेपेच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"अन् ती मुळं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"वडाच्या पारंब्या होत्या."

"मी तुले समजावून राह्यली होती. तू रडत होती. ते रडणं कोणतं होतं?"

"ते खरंच होतं," ती म्हणाली. "तुह्या घरी लेकरू आलं. माह्या लग्नाले किती वर्षं झाले, तुले मालूम आहे. मले एवढं एक झाड नाई ठेवता येत काय?"

"मागितलं असतं तं देलं असतं मी."

"सगळं मागूनच काऊन घ्यायचं मी?"

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. पारंब्यांवर माती लोटणारे आमचे चार हात तेवढे दिसत राहिले. मी टोपली काढली. तिनं अडवलं नाही, उलट मागचं दार उघडून धरलं.

"आजचं पाणी देलं आहे," ती म्हणाली. "उद्या नको देजो."

त्यानंतरही आम्ही कितीतरी वर्षं समोरासमोर राहिलो. ती हळदीकुंकवाला यायची, वाण घेऊन निघून जायची. त्या फाल्गुनानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना मी एका मांडीवर पोर आणि दुसऱ्या मांडीवर टोपली घेऊन एसटीत बसले.

कंडक्टर हसला. "बाई, घरी पाणी घालाले कोणी नाई काय?"

"नाई," मी म्हटलं.