सीटच्या पुढच्या कडेचा खिसा

ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या त्या बाईला अख्खं वर्कशॉप गादीताई म्हणायचं. त्यामुळे तिचा ड्रायव्हर नवरा आपोआप सगळ्यांचा दाजी झाला. वयाने वडील असलेले मेकॅनिकसुद्धा त्याला दाजी म्हणत आणि मेहुणेपणाच्या हक्काने त्याच्याकडून चहा उकळत.

हे दाजी एका सकाळी उताराच्या वळणावर गाडीसकट उलटे झाले. मागे भरलेल्या फरशांचा माल सरकला, तोल गेला आणि ट्रक टपावर आला. तसं फार लागलं नाही, खांद्याचं एक हाड मोडलं. पण दार चेपलं, सीटचा पट्टा आवळून बसला आणि दाजी पाऊण तास वटवाघळासारखे लटकत राहिले. गाडीत हातोडी होती, सुरीही होती. दोन्ही मागच्या बाकाखाली, पेटीत, कुलूप लावून. शेवटी रस्त्याने जाणाऱ्यांनी काच फोडली आणि विळ्याने पट्टा कापून त्यांना बाहेर ओढलं.

घरी आल्यावर दाजी हा प्रसंग असा रंगवून सांगत, की विचारपूस करायला आलेली माणसं पोट धरून हसत. ताईही हसायची. पण तिच्या डोक्यातून ती पेटी काही जाईना. सगळं असून हाताशी काहीच नाही, हे तिला सलत राहिलं. मापात एक बोट चुकलं तरी शिवण उसवणारी बाई ती.

दुसऱ्या आठवड्यात ती दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकमध्ये चढली, पट्टा लावला, डोळे मिटले आणि हात कुठवर पोचतात ते चाचपत बसली. समोर ठेवलेली वस्तू आदळून उडणार. दार चेपणार. डावा मोडो की उजवा, उरलेला हात जिथे नक्की पोचेल अशी एकच जागा सापडली: दोन गुडघ्यांच्या मधली, सीटची पुढची कड. तिथे तर तिचंच राज्य. तिने जाड रेक्झिनचा खिसा शिवला. आत टोकदार हातोडी, तिच्याच दांड्यात पट्टा कापायचं पातं. हातातून निसटली तरी हरवू नये म्हणून खिडकीपर्यंत पुरेल एवढ्या दोरीने ती सीटच्या सांगाड्याला बांधली.

ड्रायव्हर लोकांनी आधी थट्टाच केली. त्यांच्यातला दांडगा, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो म्हणाला, "ताई, शुभ बोल नाऱ्या म्हटलं तर तू मांडवालाच आग लावतेस. निघताना कोणी उलटायचं बोलतं का?"

"बोलू नकोस," ताई म्हणाली. "नुसता बसून दाखव."

आवाराच्या कोपऱ्यात भंगारातली एक केबिन पडून होती. क्रेनवाल्याला गळ घालून ताईने ती उलटी करून घेतली, आत सीट पक्की बसवली, खाली जुन्या गाद्या अंथरल्या. गळ्यात हात अडकवलेले दाजी झाले मास्तर. लटकलेला अनुभव त्यांच्याएवढा कोणाला होता? आधी इंजिन बंद करा, मग एक हात आणि पाय टपाला टेकवा, मगच पट्टा कापा, नाहीतर मानेवर पडाल. समोरच्या काचेवर जोर वाया घालवू नका, ती तडकते पण जागा सोडत नाही. बाजूची काच कोपऱ्यात ठोका. हे ते इतक्यांदा सांगत, की चहावाल्यालाही पाठ झालं.

पैलवानाच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, तर गड्याला स्वतःच्या पोटापलीकडचा खिसा सापडेना. चार मिनिटं गेली. बाहेर माणसं हसून हसून खाली बसली आणि आत उलटा लटकलेला पैलवानही हसू लागला. ताई मात्र टेप घेऊन वाकली आणि त्याच्यासाठी खिशाच्या झाकणाला वीतभर लांब नाडी लावली. पुढच्या खेपेला त्याला अर्धं मिनिट पुरलं.

चारेक महिन्यांनी भर दुपारी पैलवानाचा फोन आला. त्याच्यापुढे चाललेली भाजीची छोटी गाडी कालव्यात घसरली होती. आत नवरा-बायको, दारं घट्ट, पाणी खिडकीला लागलेलं. पैलवानाने हातोडीची दोरी कापली आणि सरळ पाण्यात उडी घेतली.

"ताई, कोपऱ्यात मारली," तो धापा टाकत सांगत होता. "एका घावात गेली काच. दोघंही बाहेर आहेत. बाई माझ्यावरच ओरडतेय, तिची चप्पल राहिली म्हणून."

ताई शिवणयंत्राशी बसली होती. तिने फोन कानावरून काढलाच नाही. पैलवानाने तिला तीच हकिगत तीनदा सांगितली आणि तिने तीनदा ऐकली. मग ती उठली आणि कामावरच्या प्रत्येकाला सांगत सुटली. डोळे पुसायचेही तिच्या ध्यानात नव्हते.

त्यानंतर आवारात खिशासाठी ट्रकची रांग लागली. मालकाने तिला आणखी एक यंत्र घेऊन दिलं. केबिनमधला तास दर सोमवारी ठरूनच गेला.

दाजींचा खांदा बरा झाला. पहिल्या फेरीला निघताना ते जरा घुटमळले, आणि मान वळवून म्हणाले, "येतेस का? परवा परत येऊ."

वीस वर्षं ट्रकच्या सीटा शिवल्या, पण ट्रकमधून ती कधी गावाबाहेर गेली नव्हती. तिने डबा भरला, यंत्रावर कापड टाकलं आणि वर चढली. पहिल्याच चढाला खालची शेतं, नदी, पूल असं सगळं एकदम दिसलं, तशी ती हरखून गेली.

"अहो," ती म्हणाली, "एवढं दिसतं इथून? आणि आजवर बोलला नाहीत!"