रंजीतापुढं पडणाऱ्या पेंढ्या

रोवणीच्या रांगेत केसरबाईची जागा ठरलेली होती. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिलं तर डावीकडून दुसरी. टोकाला घराशेजारची रंजीता, मग केसर, मग इंदुताई आणि बाकीच्या बाया. धुऱ्यावर उभा राहून केसरचा नवरा खुशाल भाताच्या रोपांच्या पेंढ्या एकेकीपुढं फेकायचा. लग्न होऊन मुलचेऱ्याकडून सिंदेवाहीच्या या भागात आली तेव्हापासून केसर चिखलात उलट्या पावलांनी सरकत होती. पेंढी संपायच्या आत दुसरी पुढ्यात पडे. मागावी लागत नसे. खुशाल बोलका नव्हता. त्याचं लक्ष आपल्यावर आहे हे तिला त्या पेंढीवरूनच कळायचं, आणि तेवढं तिला पुरायचं.

या वर्षी पेंढ्या रंजीतापुढं पडू लागल्या.

पहिल्या दिवशी केसरने दुर्लक्ष केलं. मग तिच्या लक्षात आलं, की खुशालचा चेहराही तिकडेच वळलेला असतो. जेवताना, बोलताना, धुऱ्यावर उभं असताना मान डावीकडे कललेली. गावात डावीकडे कितीतरी गोष्टी होत्या, पण केसरला एकच दिसत होती. रंजीताचा नवरा वारून वर्ष झालं होतं. ती हसायची कमी, पण हसली की गालाला खळी पडे. ती खळी केसर आता रोज मोजून घेतल्यासारखी पाहायची.

“केसर, तुह्या मालकाचा हात वाकडा झाला काय व?” इंदुताईने विचारलं. “का नजर?”

बाया हसल्या. केसर हातातली रोपं टाकून उभी राहिली.

“रंजीता, तुह्यापुढं ढीग लागला. खाणार हाय काय?”

रंजीताने कंबर सरळ केली. तिला राग आला नाही, आणि तेच केसरला जास्त झोंबलं.

“खुशालभाऊले एकाचे दोन दिसून राह्यले, बाई,” ती हळूच म्हणाली. “बोरिंगवर हंड्याच्या बाहेर पाणी ओतत होते, तवा मीनं पाह्यलं. तुले सांगितलं नाई काय त्याईनं?”

नवऱ्याला काहीतरी झालंय याची भीती केसरला वाटली, पण ती मागून आली. आधी आलं ते वेगळंच: हे हिला माहीत होतं, मला नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला चंद्रपूरला घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक बोट समोर धरून डावीकडे नेलं. उजवा डोळा बोटामागे गेला. डावा मध्यावर येऊन थांबला, पुढे सरकेना.

“मान वळवली की दोनाचं एक होतं ना, काका? म्हणून तुम्ही मान डावीकडे ठेवता.”

खुशालने होकार दिला. मग केसरकडे न पाहता म्हणाला, “मले दोन केसर दिसत. मी बाहेरच्या, टोकाकडल्या केसरले पेंढी फेको.”

“एक झेपत नाई, आन् दोन,” केसर पुटपुटली. पण त्याचं वाक्य तिने मनात घट्ट धरून ठेवलं.

रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन झाला. मग बाईंनी कागदावर डोळा काढला. डोळा बाहेर, कानाकडे वळवणारा स्नायू एकच. त्याच्यासाठी मेंदूच्या देठातून एक वेगळी नस निघते, सहावी. ती कवटीच्या तळाच्या हाडावरून वर चढते, हाडाच्या कडेवर वळते, शिरेच्या रक्ताने भरलेल्या पोकळीतून मोठ्या धमनीला लागून जाते आणि शेवटी डोळ्याच्या खोबणीत शिरते. वाट लांबची, म्हणून धोके फार: डोक्याचा मार, आत वाढलेला दाब, गाठ, सूज. “स्कॅनमध्ये तसलं काही नाही. यांची साखर मात्र खूप वाढलेली आहे. त्या नसेला रक्त देणारी बारीक वाहिनी बंद पडली असावी. साखर आवरली तर बहुतेकांचा डोळा काही महिन्यांत बरा होतो.” त्यांनी डाव्या डोळ्यावर पट्टी लावली. केसर एकेक शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होती.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, “मले काऊन नाई सांगितलं?”

“तू भर रोवणीत काम सोडून मले दवाखान्यात आणलं असतं.”

“आन् तिले?”

“तिनं पाह्यलं. मीनं नाई सांगितलं.” मग तो म्हणाला, “तिले फोन कराले पाह्यजे. वाट पाह्यत असंल.”

“मी करीन.”

केसरने फोन लावला आणि सगळं सांगितलं. हाड, वळण, धमनी, सहावी नस. आवाज मुद्दाम जरा मोठा ठेवला. पहिल्यांदाच तिला रंजीतापेक्षा जास्त माहीत होतं, आणि ती ते एकेक करून देत होती.

“डोळा बरा होईल काय, बाई?” रंजीताने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

केसर खिडकीकडे वळली. बाहेर सागाची झाडं मागे जात होती. पलीकडे श्वास अडकलेला तिला ऐकू येत होता, आणि सोडवणं तिच्याच हातात होतं.

“होते म्हणते डॉक्टरीण,” ती अखेर म्हणाली. “साखर आवरली तर.”

पलीकडून सुटलेला श्वास लांब होता, नुसत्या शेजारणीने सोडावा त्यापेक्षा लांब. फोन बंद झाल्यावरही केसरने तो कानालाच धरून ठेवला.

“काय म्हणे?” खुशालने विचारलं.

“काई नाई,” केसर म्हणाली.