मोबाइलवरची दोन बाळंतपणं

गर्भपिशवी काढायचं ठरलं तेव्हा मी साठी ओलांडली होती. अंग खाली यायला लागलं होतं, उठणं-बसणं नकोसं झालं होतं. आमचं घर हडपसरला. माझ्या सासऱ्यांची ज्वारी जिथे उभी असायची तिथे आता काचेच्या इमारतींतल्या कंपन्या आहेत, आणि त्यांतल्याच एकीत लेक कामाला. हॉस्पिटलचा फॉर्म तिनेच भरला. म्हणाली, "आई, तुझे सगळे रिपोर्ट आता मोबाइलवर दिसणार. फाइल सांभाळायला नको."

मला तर वाचायची हौस फार. शाळा चौथीपर्यंतच, पुढचं शिकले ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. आणि आपल्याच अंगाबद्दल काय लिहिलंय ते कुणाला वाचावंसं वाटणार नाही? पण सगळं इंग्रजीत. म्हटलं, "तू वाच आणि मराठीत सांग. काही गाळू नकोस हां."

रक्त झालं, साखर झाली. मग म्हणाली, "बाळंतपणं दोन."

"तीन," मी म्हटलं.

ती हसली. "अगं, दादा आणि मी. तिसरं कुठून आणलंस?"

इतकी वर्षं मिटलेलं तोंड कसं उघडलं, कोण जाणे. सांगून टाकलं. दादाच्या आधी एक मुलगा झाला होता. कसबा पेठेत, माझ्या माहेराजवळच्या एका लहानशा प्रसूतिगृहात. आठ दिवस होता. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा हा विषय नको. ह्यांनीही मग शेवटपर्यंत काढला नाही.

लेकीने मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, "नाव काय होतं त्याचं?"

"बारसंच कुठे झालं गं."

भरती व्हायला गेलो तेव्हा तीच आधी नोंदणीच्या खिडकीशी गेली, दोनाचे तीन करा म्हणाली. आतल्या बाई कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला ते फक्त बघता येतं. बदल डॉक्टर करतात." मग माझ्याकडे पाहून, "आजी, पिशवीच काढायचीय ना? मग आता दोन काय नि तीन काय!"

डॉक्टरीणबाई भल्या. "करून टाकते हं," म्हणाल्या. घाईत होत्या, राहून गेलं असेल.

काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती, तिचा रिपोर्ट मोबाइलवर आला. लेकीने वाचून दाखवला. वजन किती, लांबी-रुंदी किती, आतून रंग कसा, सगळं लिहिलं होतं. एवढ्याशा मांसाचं एवढं! मी विचारलं, "आणि वर काय लिहिलंय?"

वर दोनच.

त्यानंतर लेकीने तीनदा मेल केली. तुमची विनंती मिळाली, एवढंच उत्तर येतं. अधूनमधून मी म्हणते, "बघ गं जरा." ती बघते, मोबाइल पालथा ठेवते, आणि चहा टाकायला उठते.