डाव्या बाजूचा बोल्ट

खोटं कशाला सांगू, रायफलीची नवी ॲक्शन घ्यायचं माझ्या मनात आलं ते मैत्रिणीवर जळूनच. ती नागपूरची, माझ्याच वयाची, इथे अमेरिकेत बॉथेलमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. रिटायर झाल्यावर लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद आम्हा दोघींना एकदमच लागला. दर शनिवारी एका गाडीतून डोंगरापलीकडच्या रेंजवर जायचो, एकाच डब्यातलं खायचो. आणि एका शनिवारी हिनं खास बांधून घेतलेली रायफल बाहेर काढली. मला एका शब्दानं आधी बोलली नव्हती!

ॲक्शन म्हणजे रायफलीचा गाभा हो. तिच्यात बोल्ट मागेपुढे सरकतो, गोळी आत घेतो, रिकामं काडतूस बाहेर टाकतो. नळी, दस्ता सगळं मग तिच्याभोवती बसवायचं. हिचा बोल्ट दोन बोटांनी सरकत होता. मी वापरायचे ती आमच्या ह्यांची जुनी रायफल. तिचा बोल्ट ओढणं म्हणजे गंजलेली कडी काढणं.

"बघ ना सरकवून," ती म्हणाली.

सरकवला. "बरा आहे," एवढंच म्हटलं आणि घरी येईपर्यंत गप्प बसले.

"गाडी लागली का गं तुला?" तिनं दोनदा विचारलं.

पुढच्याच आठवड्यात ह्यांना घेऊन रायफली बांधणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. सल्ला द्यायला ही आलीच बरोबर.

"बोल्ट उजवा की डावा?" त्यानं पहिलंच विचारलं.

"उजवा. हिच्यासारखाच, अगदी तस्साच." मला दोन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या होत्या. चार लोकांनी सरकवून म्हणायला हवं होतं, माझीच जास्त छान!

मी ऑर्डरचा फॉर्म भरला. मग त्यानं चटई अंथरली, हातात एक रिकामी रायफल दिली आणि म्हणाला, "नेम धरायला झोपता, तशा जरा झोपून दाखवा." ह्या वयात दुकानात पालथी झोपले बाई! दस्ता आपोआप डाव्या खांद्याला गेला, कारण डोळा माझा डावाच तेज. बोल्ट उजवीकडे, म्हणून डावा हात वरून पलीकडे टाकला. गाल दस्त्यावरून उचलला गेला, नेम गेला. दर गोळीला माझं असंच चालायचं.

"मॅम, तुम्ही डावखुऱ्या आहात."

"छे! उजव्या हातानं लिहिते ती," हे म्हणाले. "जेवतेसुद्धा उजव्यानंच."

लिहिते, कारण पहिलीत बाईंनी डाव्या हातावर पट्टी मारली. जेवते, कारण आईनं डाव्या हातात घास टिकू दिला नाही. प्रसादाला डावा हात पुढे केला की आत्या तो मागे ढकलायची. इतकी वर्षं झाली, मीसुद्धा स्वतःला उजवीच समजत होते.

म्हाताऱ्यानं डाव्या बोल्टची रायफल दिली. हात तिथंच पोचला. गाल हलला नाही.

"डावा नको गं घेऊस," वरून मैत्रीण म्हणाली. "मला वापरून कसा बघता येईल?"

मी चटईवरच पडून राहिले. तिच्यासारखी नाही घेतली तर तिची चांगली की माझी, हे कुणी सांगणारच नाही. केवढी हळहळ वाटली! पण पुन्हा एकदा बोल्ट ओढला आणि म्हटलं, "डावा लिहा."

ॲक्शन यायला सहा महिने लागले. तोवर दर शनिवारी हिचा तो बोल्ट ऐकत बसायचे. अखेर माझी रायफल बांधून झाली. हिनं लगेच हात घातला, उजवीकडे चाचपली.

"शी, उलटीच आहे ही!"

"मला सुलटी आहे," मी म्हटलं. गार वाटलं अगदी.

तरी तिच्या पाच गोळ्या अजून माझ्या गोळ्यांपेक्षा एकमेकींच्या जवळ बसतात. आता जुन्या रायफलीवर खापर फोडायचीही सोय राहिली नाही. दुर्बिणीतून मी आधी तिचा निशाण्याचा कागद बघते, मग माझा.