खुन्याचे पाय

त्र्याहत्तर साली पुण्यात सिनेमा शिकणारा इंद्रभान सुट्टीत कॅमेरा घेऊन आपल्या गावी, अनसिंगला आला. त्याच्या रहस्यपटाच्या सुरुवातीला खुन्याचे फक्त पाय दिसणार होते. चेहरा शेवटपर्यंत गुलदस्त्यात. त्या पायांसाठी त्यानं शेतात राबणाऱ्या थोरल्या भावाला, जगदेवला, दिवसभर बांधावरून चालवलं.

पुढच्या सुट्टीत शाळेच्या भिंतीवर सिनेमाचं पहिलं चित्र पडलं, तोच अख्खं गाव ओरडलं, "अबे, हे तं जगदेवचे पाय!" बिंग तिथंच फुटलं. हशा पिकला. इंद्रभानही हसला, गावाला चकवणं काय खायचं काम आहे?

आई तुळसाबाई मात्र भिंतीकडे एकटक पाहत होती.

"काय भेगा पडल्या वं माय, माह्या लेकाच्या टाचाले!" ती म्हणाली. "इंद्रभान, तू तं दिवसभर पाहून राह्यला होता. तुले नाई दिसल्या?"