वाकायचा कोटा

आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सरळ उभ्या अशा दोनच गोष्टी आहेत: एक मोताळ्याचा मोबाइल टॉवर आणि दुसरे आमचे साडू. त्यातला टॉवर वादळात जरासा डुलतो. साडू डुलत नाहीत, झुकत नाहीत, आणि वाकणं तर त्यांच्या बारशातच वगळलेलं असावं. त्यांचा 'जयभीम'सुद्धा इतका ताठ असतो की समोरचा माणूस नकळत पोट आत घेतो. शिंक आली की सगळी दुनिया पुढे झुकते. साडू मागे जातात.

हे म्हातारपणाचं दुखणं समजू नका. भर तारुण्यात, स्वतःच्या लग्नातली गोष्ट आहे. नवरी, म्हणजे माझी मेहुणी, हार घेऊन समोर उभी राहिली. तिची उंची चार फूट अकरा इंच, त्यातला एक इंच अंबाड्याचा. नवरदेवानं जराशी मान खाली करावी एवढीच मंडपाची अपेक्षा. हार हवेत, हात हवेत, फोटोग्राफरचा श्वास हवेत. शेवटी साडूंचा आवाज आला, "स्टूल आना." स्टूल आलं, हार पडला, लग्न लागलं. मेहुणीनं ते स्टूल सासरी नेलं. अजूनही त्यावर चढून ती वरच्या फळीवरचे डबे काढते आणि दर डब्यामागे एकदा हा किस्सा काढते.

साडू जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनखाली तीस वर्षं वाकले, पण तेवढंच. "वाकायचं तं मशीनसाठी," ते म्हणत. "माणसासाठी काऊन वाकू? माणसाले ऑइल लावलं तं तो अजून आवाज करते." निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी ओसरीत उभ्यानं जाहीर केलं, "वाकायचा कोटा संपला."

त्या दिवसापासून जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू हा त्यांच्यासाठी इंजिनिअरिंगचा प्रश्न झाला. चप्पल उचलायला बांबूच्या टोकाला चिमटा, तो दाबायला वर सायकलचा ब्रेक. खिळे-नटांसाठी पट्ट्याला बांधलेलं लोहचुंबक, आणि ते इतकं जबर की साडू आठवडी बाजारातून फिरून आले की घरी छोटंसं हार्डवेअरचं दुकान उघडता यावं. एकदा कांदेवालीचं दोनशे ग्रॅमचं माप त्याला चिकटून निघालं. बाई ओरडत मागे, "ओ भाऊ, माप सोडा माह्यं!" आणि साडू मागे न वळता सांगताहेत, "मी काई घेतलं नाई बाई, थेच आलं."

तर अशा माणसाची मुलगी जमिनीवरून वस्तू उचलणारं यंत्र करायला निघाली, यात मला तरी नवल वाटलं नाही. सुजाता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. उंचीनं आईवर, हट्टानं बापावर. कॉलेजांची रोबोट स्पर्धा होती: हॉलात आखलेल्या मैदानात ताटलीएवढ्या, बोटभर जाडीच्या प्लास्टिकच्या चकत्या पसरलेल्या, रोबोटनं त्या उचलून टोपलीत टाकायच्या. आदल्या वर्षी तिच्या रोबोटला पंजा होता. तो पंजा पूर्ण वेळ एकाच चकतीला वासरासारखं कुरवाळत बसला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "उचल ना बे, पाहुणचार काय करून राह्यला!" सगळा हॉल हसला. ते हसणं सुजातानं वर्षभर कानात ठेवलं होतं. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार, म्हणजे ही शेवटची संधी. "नंबर नको मले, बाबा," ती म्हणाली. "एक चकती उचलायची हाय. त्याच हॉलात."

साडूंनी पंज्याकडे असं पाहिलं, जसं पट्टीचा गवई बेसूर पेटीकडे पाहतो. "वरतून धरशीन तं निसटनच. कापूस कोनी पंज्यानं ओढते काय? रोलर लाव. फिरता रोलर, मांगं उताराचा पत्रा. माल आपोआप वर चढते." रोलरला जिनिंगसारखं चामडं हवं, हा त्यांचा आग्रह. चामडं जड होईल, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावू, हा तिचा. तीन दिवस बापलेकीत बोलणं बंद होतं. चौथ्या दिवशी साडूंनी स्वतःच्या सायकलची ट्यूब मुकाट्यानं काढून दिली.

सरावाला चकत्या नव्हत्या, त्या कॉलेजच्या कपाटात. मग साडूंना सुचलं: भाकरी! मेहुणीची भाकरी म्हणजे कंपासनं काढलेलं वर्तुळ. ओसरीत भाकरी मांडल्या, रोबोट सोडला आणि काय सांगू, भाकरीमागून भाकरी रोलरखाली गेली, पत्र्यावर चढली, टोपलीत पडली. त्या आठवड्यात मोताळ्याची कुत्री जेवणानंतर शतपावली करू लागली. मेहुणी मात्र तव्यापुढे धुमसत होती: "मशीन माह्या भाकरी खाऊन राह्यली अन् घरचा मानूस बिस्किटावर हाय!"

स्पर्धेला मीही गेलो. तोच हॉल. सरावाच्या फेरीत रोबोट ऐटीत चकतीपाशी गेला, रोलर फिरला आणि चकती पुढे सरकली. पुन्हा गेला, पुन्हा सरकली. अर्धा हॉल झाडून काढला, पण चकती वर चढेना. साडू कडेला ताठ उभे राहून वरूनच हुकूम सोडत होते, "जोरात फिरव! दाब!" मागच्या बाकांवर हसू फुटायला लागलं. सुजाता थांबली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, भाकर वाकत व्हती. म्हनून चढत व्हती. चकती वाकत नाई."

खऱ्या फेरीला दहा मिनिटं उरली होती. चकती नेमकी कुठे अडते ते वरून दिसत नव्हतं, आणि नुसतं पाहून यंत्राचं दुखणं ओळखणारा डोळा त्या हॉलात एकाकडेच होता.

आधी मान खाली आली. मग कंबर. मग एकेक गुडघा. त्या वेळी जो आवाज झाला, तो मी शपथेवर सांगतो, जिनिंगच्या फाटकाचा होता. भरल्या हॉलात साडूंनी फरशीला गाल टेकला. "हळू आन," ते खालून म्हणाले. "अजून हळू. थांब! पत्र्याची कड वर हाय. चकती कडेवर आदळते." पाना घेऊन त्यांनी पडल्यापडल्या ती कड ठोकून फरशीला टेकवली. "चकती वाकत नाई तं पत्र्याले वाकावं लागते, बेटा."

फेरी सुरू झाली. चकती आली, रोलरखाली गेली, चढली, टोपलीत पडली. टप्प! सुजातानं नुसते डोळे मिटले. मग आणखी तीन पडल्या; पाचव्याला साडूंची ट्यूब तुटली आणि आमचा कारभार आटोपला. नंबर कुठला यायला! भाग घेणाऱ्या सगळ्यांना एकेक पदक दिलं, तेवढंच. सुजातानं आपलं काढलं आणि बापाच्या गळ्यात घालायला टाचा उंचावल्या. स्टूल कोणी मागितलं नाही. साडूंची मान आपोआप खाली आली होती.

मी मोबाइलवर काढलेला तो फोटो मेहुणीनं घरी बराच वेळ पाहिला. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे वाकता येत व्हतं."

आता सुजाता पुण्यात नोकरीला आहे. रोबोट ओसरीत कापडाखाली असतो. परवा गेलो तेव्हा मेहुणी स्टुलावर चढून डबे काढत होती, आणि या वेळी डब्याबरोबर किस्सा निघाला नाही. एक झाकण तिच्या हातून सुटलं, घरंगळत ओसरीत आलं आणि आडवं पडलं. बांबू साडूंच्या हाताशीच होता. त्यांनी बांबूकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. पाठीमागे जिनिंगचं फाटक हळूच वाजलं.